पाच पाय छेद सहा

प्रत्येक कुटुंबात एकेका कामासाठी एकेक हुशार माणूस नेमलेला असतो. तो खरोखरच हुशार असतो असं नाही. पण नेमणूक झालेली असते आणि ती एकदा चिकटली की माणूस निवृत्त झाला तरी सुटत नाही. आमच्याकडे इंग्रजी अर्जांसाठी एक काका होते. साप चावला तर काय करायचं हे माहीत असलेली एक आत्या होती. (तिच्या हयातीत कुणाला साप चावला नाही, म्हणून तिची कीर्ती शेवटपर्यंत टिकली.) आणि गणितासाठी मी होतो.

मी अडतीस वर्षं बँकेत काढली. ‘बँकेत होता’ याचा अर्थ नातेवाइकांच्या लेखी ‘गणितात होता’ असा होतो. वास्तविक बँकेत आम्ही फक्त बेरीज करत होतो, तीसुद्धा यंत्रावर. आणि ती जुळली नाही तर रात्री नऊपर्यंत एकमेकांकडे संशयानं बघत बसत होतो. याला गणित म्हणायचं असेल तर पोलीस चौकीतही गणितच चालतं. पण हे नातेवाइकांना सांगणार कोण? मान मिळत असेल तर तो नाकारू नये, एवढं व्यवहारज्ञान मला बँकेनं नक्कीच दिलं होतं.

गेल्या थंडीत मेडशीहून भाच्याचा फोन आला. मेडशी हे वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातलं गाव. मालेगाव म्हटलं की आमची पुण्यातली माणसं नाशिककडे तोंड करतात. ते मालेगाव वेगळं, हे वेगळं. अकोल्याहून निघालं की पातूर, पातूरहून घाट चढलं की मेडशी. ते माझ्या थोरल्या बहिणीचं, आक्काचं सासर. ती १९६२ साली सतरा वर्षांची असताना तिथं नांदायला गेली तेव्हा गाव अकोला जिल्ह्यात होतं. १९९८ साली वाशीम जिल्हा वेगळा झाला आणि आक्का ओसरीवरून न उठता दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन बसली.

“मामा, पोरीचं गणित बंद करतो म्हणतो,” भाचा म्हणाला.

“बंद म्हणजे?”

“अकरावी सायन्सला घातलं, पण तिले काही जमून नाही राह्यलं. रोज रात्री वही घेऊन बसते अन् रोज खोडते. पुढच्या वर्षी नुसतं बायोलॉजी ठेवू. तुम्ही एक डाव येऊन पाहून जा. तुम्ही ठेवा म्हणाले तर ठेवू, नाहीतर काढून टाकू.”

हे म्हणजे गावच्या पुजाऱ्याला शस्त्रक्रियेसाठी बोलावण्यासारखं झालं. मी “येतो” म्हणालो आणि फोन ठेवल्यावर घामाघूम झालो. कारण आमच्या घरात एक गोष्ट दोनच माणसांना माहीत होती. एक मी आणि दुसरी आक्का. ती गोष्ट अशी, की मला गणित कधीच येत नव्हतं.

त्याचं असं झालं. आमचं लहानपण वाशीमला गेलं. दिवेलागणीला परवचा म्हणण्याची घरात सक्ती होती. नुसते पाढे नव्हेत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी! आजच्या मुलांना सांगायचं तर पावचा पाढा, अर्ध्याचा पाढा, पाऊणचा पाढा असं चढत चढत साडेतीनच्या पाढ्यापर्यंत. औट म्हणजे साडेतीन. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि पैशाच्या तीन पै असण्याच्या काळात या पाढ्यांवाचून बाजार करता येत नसे. मी तिसरीत असताना, १ एप्रिल १९५७ रोजी, सरकारनं रुपयाचे शंभर नवे पैसे केले. मला वाटलं, सुटलो. पण सरकारचा निर्णय आमच्या बाबांनी मान्य केलेला नव्हता. परवचा चालूच राहिला.

बाबा पाटावर, मी त्यांच्या समोर, आणि आक्का बाबांच्या पाठीमागे तांदूळ निवडत बसलेली. बाबा विचारायचे, “नऊ औट?” मी वर बघायचो. वर आढं असायचं. मग खाली बघायचो. आणि मग हळूच बाबांच्या खांद्यावरून मागे बघायचो. आक्काचे डोळे तांदळात आणि ओठ मात्र आवाज न करता हलत असायचे : साडेएकतीस. “साडेएकतीस!” मी ठणकावून सांगायचो. बाबा मान डोलवायचे. अशा रीतीनं मी औटकी शिकलो नाही, ओठ वाचायला शिकलो. आणि ‘बाळ्या गणितात हुशार’ अशी माझी नेमणूक झाली.

१९५८ साली आक्का सातवी पास झाली. मुलीला पुढे शिकवून काय करायचं, असा त्या काळी सगळ्यांनाच पडणारा प्रश्न बाबांनाही पडला आणि सगळ्यांनीच दिलेलं उत्तर त्यांनीही दिलं. तिची शाळा सुटली. बाळ्या गणितात हुशार, म्हणून बाळ्याला पुढे कॉमर्सला घातलं. तिथून बँक, तिथून पुणे, तिथून पेन्शन. हे सगळं मी आक्काच्या ओठांवर कमावलं, हे मी आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगायचं ठरवलं की प्रत्येक वेळी कुणाचं तरी लग्न किंवा बारसं निघायचं.

मेडशीला पोचलो. रस्ता आता चौपदरी झाला आहे, त्यामुळे पूर्वी जी भीती वाटायला दोन तास लागायचे ती मला तासाभरातच वाटून घ्यावी लागली. आक्का अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. वय ऐंशी. माझ्याकडे बघून म्हणाली, “काऊन रे बाळ्या, इतका वाळला?” मी गेली वीस वर्षं वजन कमी करायच्या प्रयत्नात आहे आणि ते मेडशीखेरीज कुठंही कमी झालेलं दिसत नाही.

चहा झाल्यावर नात वही घेऊन आली. तिला वही म्हणणं धाडसाचं होतं. पानंच्या पानं खोडरबरानं झिजून त्यातून पलीकडचं अंगण दिसत होतं.

“मामाआजोबा, माझं उत्तर कधीच जुळत नाही,” ती म्हणाली. “हे बघा. मी सगळ्या पायऱ्या करते. शेवटी मोबाइलवर काढते. मोबाइल म्हणतो २.६१७९९३८७८. अन् पुस्तकात मागं उत्तर आहे ‘पाच पाय छेद सहा’.”

“पाच पाय?” आक्का शेंगा सोलता सोलता म्हणाली. “कोणाले?”

वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांच्या गुणोत्तराला १७०६ साली विल्यम जोन्स नावाच्या गृहस्थानं ग्रीक लिपीतलं एक अक्षर दिलं. ते अक्षर मराठीत आलं की त्याचा ‘पाय’ होणार, हे त्या बिचाऱ्याला कुठून कळावं! त्यामुळे मराठी माणसाला गणितात पाव पाय, अर्धा पाय, पाऊण पाय, दीड पाय असलं काहीतरी सदैव ऐकावं लागतं आणि शेजारच्या खोलीत पडलेल्या म्हाताऱ्या माणसाला वाटतं की घरात अपघात झाला.

मी चष्मा पुसला. चष्मा पुसल्यानं तीस सेकंद मिळतात, हे बँकेतलं ज्ञान. मग म्हणालो, “सोपं आहे! पुस्तकाला उत्तर पायमध्ये हवंय. म्हणजे आपल्या आकड्याला पायनं भागायचं. पाय म्हणजे बावीस सप्तमांश.” मी भागाकार केला. आला ०.८३२९९८. “म्हणजे झाले ०.८३३. म्हणजेच आठशे तेहतीस पाय छेद एक हजार!”

नातीनं पुस्तक उघडून दाखवलं. “पण मामाआजोबा, पुस्तकात आठशे तेहतीस कुठंच नाही.”

पुस्तकात नव्हतंच. मी परत चष्मा पुसला.

गणितात अडलेला माणूस नेहमी गणिताच्या इतिहासात शिरतो. मीही शिरलो. तिला म्हटलं, “अगं, आपण वाशीमचे! सातव्या शतकातल्या पहिल्या भास्कराचार्यांनी ‘महाभास्करीय’ ग्रंथात लंकेपासून मेरूपर्यंत जाणाऱ्या मध्यरेषेवरची गावं सांगितली आहेत. त्यात उज्जैनीच्या बरोबरीनं वत्सगुल्म आहे. वत्सगुल्म म्हणजे आपलं वाशीम! आज जग ग्रिनिचवरून वेळ मोजतं, त्या काळी आपल्या अंगणावरून मोजत होतं.”

“अन् मग?” भाच्यानं विचारलं. त्याला यातून पोरीचं गणित ठेवायचं की काढायचं, ते हवं होतं.

“मग दुसरे भास्कराचार्य. त्यांनी ११५० साली ‘लीलावती’ लिहिली. चाळीसगावजवळच्या पाटण्याला त्यांच्या नातवानं त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, तो शिलालेख अजून आहे. मुलीच्या लग्नाचा मुहूर्त टळला, लग्न राहिलं, तिचं दुःख हलकं करावं म्हणून बापानं ग्रंथाला तिचं नाव दिलं, अशी दंतकथा सांगतात.”

आक्काचा हात शेंगेवर थांबला. “लग्न राह्यलं म्हणून गणित भेटलं तिले?” ती म्हणाली.

“दंतकथा आहे, आक्का.”

“असू दे. चांगली आहे.” आणि ती पुन्हा सोलू लागली. मी घाईघाईनं पुढे सरकलो. कारण आमच्या घरात हीच कथा उलटी घडली होती आणि तिला कुणी ग्रंथ लिहिलेला नव्हता.

“तर लीलावतीत परिघाचे दोन हिशेब दिलेत,” मी म्हणालो. “व्यासाला बावीसनं गुणून सातनं भागा, तो ढोबळ, व्यवहारापुरता. आणि ३९२७ नं गुणून १२५० नं भागा, तो सूक्ष्म.”

नात एकदम म्हणाली, “बावीस सप्तमांश ढोबळ आहे, तर तुम्ही त्यानं काऊन भागलं?”

लहान मुलांना इतिहास सांगू नये. त्यातून ती काहीतरी शिकतात.

तिनं मोबाइल घेतला. २.६१७९९३८७८ गुणिले १२५० भागिले ३९२७. “शून्य दशांश आठ तीन तीन तीन तीन, मग एक, मग चार,” ती म्हणाली. मग मोबाइलमधलाच पाय घेऊन भागलं. “आता तर सगळे तीनच. आठ, अन् पुढं नुसते तीन तीन तीन.”

म्हणजे माझ्या ढोबळ पायानं ते तीन पुसले गेले होते! विहिरीचं बांधकाम करायला, पाण्याच्या टाकीचा पत्रा कापायला बावीस सप्तमांश उत्तम. हजारात अर्ध्याहूनही कमी चूक. पण आकड्याचं कूळ ओळखायचं असेल तर तेवढी चूकसुद्धा चेहरा बदलून टाकते. मी मात्र आपला हेका सोडला नाही. म्हटलं, “छान! तर मग आठ हजार तीनशे तेहतीस छेद दहा हजार.”

नातीच्या डोळ्यांत पाणी आलं. भाचा म्हणाला, “राहू द्या मामा. जमत नाही तर नाही.”

तेव्हा आक्कानं सूप बाजूला ठेवलं.

“पोट्टे, तुह्या त्या पायाचं काय आहे, ते मले एक डाव साध्या भाषेत सांग.”

अंगणात भिंतीला एक जुनं लाकडी चाक टेकवलेलं होतं. घरच्या बंडीला रबरी टायर आले, तेव्हापासून ते निवृत्त होऊन तिथं बसलं आहे. अगदी माझ्यासारखं, फरक इतकाच, की त्यानं नोकरीत खरोखर काम केलं होतं. नातीनं त्याच चाकावर हात ठेवून सांगितलं, “आजी, ह्या मधापासून काठापर्यंत जेवढी दोरी लागते, तेवढीच दोरी काठावर वाकवून ठेवायची. अर्धं चाक व्हायले अशा तीन दोऱ्या अन् थोडी वर लागते. म्हणजे ३.१४१६. त्याले पाय म्हणतात.”

“चाक लहान असलं त?”

“दोरीही लहान होते. आकडा तोच.”

“धाव चढवताना लोहार असंच चाक फिरवून मोजे,” आक्का म्हणाली. “बरं, अर्ध्या चाकाचा एक पाय. पूर्ण चाकाले आरे किती आहेत?”

नातीनं मोजले. “बारा.”

“मग अर्ध्याले सहा. सहा आऱ्यांचे ३.१४१६, त एका आऱ्याचं किती?”

“शून्य दशांश पाच दोन तीन सहा.”

“अन् तुहं उत्तर किती होतं?”

“२.६१८.”

“मग कितवा आरा आला?”

नातीनं भागलं. मोबाइलकडे बघितलं. चाकाकडे बघितलं. मग जे ओरडली, त्यानं गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. “पाच! पाचवा आरा! सहापैकी पाच! पाच पाय छेद सहा!”

नुसतं त्रैराशिक. चौथीतलं त्रैराशिक! भाच्यानं सुतळी आणली. मधापासून काठापर्यंत मापली, काठावर वाकवून ठेवली. पहिली दोरी दोन आऱ्यांच्या जरा अलीकडे संपली. दुसरी ठेवली. तिसरीचा अर्ध्याहून थोडा जास्त तुकडा ठेवला आणि तो बरोबर पाचव्या आऱ्यापाशी जाऊन टेकला. मी पुढे होऊन चाकावर हात ठेवला. कुणी फोटो काढलाच तर त्यात असावं म्हणून.

मग युक्ती साफ झाली. शाळेतले बहुतेक कोन तीस अंशांच्या नाहीतर पंचेचाळीस अंशांच्या पटीत असतात. म्हणून अर्ध्या चाकाचे बारा भाग धरायचे. प्रत्येक आऱ्याचे दोन अर्धे. आलेल्या आकड्याला पायनं भागायचं, बारानं गुणायचं. पूर्णांक आला की ओळख पटली. २.०९४४ ला पायनं भागून बारानं गुणलं की आठ. म्हणजे आठ छेद बारा, म्हणजे दोन पाय छेद तीन. बारा पैंचा एक आणा असायचा, त्यातलंच हे. आणि जर मध्येच ५.७३ असलं काहीतरी आलं, तर समजायचं की हा पाहुणा दुसऱ्या घरचा.

दुसरी ताकीद मला दुसऱ्या दिवशी मिळाली. नवी विद्या हाती आली की माणूस चळतो. मी सकाळपासून दिसेल त्याला पाय लावत सुटलो. दाराची उंची सहा फूट, म्हणजे १.८३ मीटर. भागलं, गुणलं, आले जवळजवळ सात! मी नातीला हाक मारून सांगितलं, “तुमचं दार सात पाय छेद बारा मीटर उंच आहे. फरक चारेक मिलिमीटरचा!”

“पण मामाआजोबा, दाराचा अन् चाकाचा काय संबंध?”

आक्का आतून म्हणाली, “बाळ्या, रस्त्यानं जाणारं कोणतंबी पोट्टं आपल्या नाकासारखं दिसलं म्हणून त्याले आपलं आडनाव लावशील का?”

याच्याइतकं नेमकं मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. छेद हवा तेवढा मोठा घेऊ दिला तर कुठल्याही दशांशाला पायच्या घरात बसवता येतं. माझं आठशे तेहतीस छेद एक हजार हे तसलंच दत्तकविधान होतं. आकडा खरोखर चाकावरून आलेला असला पाहिजे आणि छेद लहान असला पाहिजे. नाहीतर फसगत ठरलेली. कलावंतांचं लाडकं सुवर्ण गुणोत्तर असतं ना, त्याचा वर्ग केला की येतात २.६१८०३४. आणि आमच्या पाचव्या आऱ्याचे २.६१७९९४. फक्त चार लाखांशांचा फरक! दोन्ही चार अंकांत लिहिले तर दोन्ही २.६१८०. पण एकाचं कूळ पाचाच्या वर्गमुळातलं, दुसऱ्याचं वर्तुळातलं. बँकेत आम्ही सह्या ताडून बघायचो तेव्हा साहेब म्हणायचे, सही सारखी असून भागत नाही, माणूस तोच पाहिजे.

आणि खरं बघितलं तर मोबाइलवरचा आकडा पाचव्या आऱ्यावर पूर्ण पोचलेलाच नसतो. पाय कुठल्याही अपूर्णांकात पूर्ण मावत नाही, हे लँबर्टनं १७६१ साली सिद्ध केलं. त्यामुळे संपणारा कुठलाही दशांश, शून्य सोडून, पायचा सरळ पाव, अर्धा, पाऊण असा वाटा कधीच होऊ शकत नाही. कितीही घरं लिहा, केसाएवढी फट राहतेच. पुस्तक ‘पाच पाय छेद सहा’ असं लिहितं ते पोरांना छळायला नव्हे; दशांश सांगतो ‘किती’, आणि तो अपूर्णांक सांगतो ‘कुठून’. किती ते कळलं की हिशेब होतो. कुठून ते कळलं की ओळख होते.

हे सगळं समजल्यावर नातीनं जे केलं ते मी बघत बसलो. तिनं महिनाभरातली खोडलेली पानं एकेक करून उजेडात धरली. खोडलं तरी पेन्सिलीचा वळ कागदावर राहतोच. एकेक पुसट दशांश वाचायची, भागायची, बारानं गुणायची आणि पुस्तकाचं शेवटचं पान बघायची. एकोणीस गणितांपैकी सोळा बरोबर निघाली. महिनाभर पोरगी बरोबर आलेली उत्तरं खोडत होती! उत्तर चुकलेलं नव्हतं, फक्त दुसऱ्या वेषात आलं होतं. आणि दाराशी आलेल्या आपल्याच माणसाला तिनं परकं समजून रोज हाकललं होतं. भाचा काही बोलला नाही. उठून आत गेला आणि स्वतः चहा करून घेऊन आला. वऱ्हाडात बाप इतपतच माफी मागतो.

निघायच्या आदल्या रात्री सगळे जेवून ओसरीवर बसलो होतो. भाच्याचा माझ्यावरचा विश्वास अजून उडालेला नव्हता. नेमणूक म्हणतात ती हीच. पुस्तक घेऊन म्हणाला, “मामा, आता मोबाइल न घेता सांगा. २.३५६२ म्हणजे किती?”

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी वर बघितलं. वर आढं होतं. खाली बघितलं. आणि मग सवयीनं भाच्याच्या खांद्यावरून मागे बघितलं.

आक्का तूर निवडत होती. डोळे सुपात. ओठ मात्र हलत होते, आवाज न करता. सदुसष्ट वर्षांत एक अक्षरही पुसट झालेलं नव्हतं. सहा पाऊण साडेचार. पाऊण.

उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं. म्हटलं असतं तर आणखी एक पिढी माझी हुशारी टिकली असती. पण समोर ती झिजलेली वही पडलेली होती, आणि मला एकाएकी त्या खोडलेल्या पानांची आठवण झाली.

“मला येत नाही,” मी म्हणालो. “मला कधीच येत नव्हतं. परवचासुद्धा येत नव्हता. तुझी आई बाबांच्या मागे बसून ओठ हलवायची, मी नुसता वाचायचो. तिलाच विचार.”

भाचा हसला. त्याला वाटलं, मामा गंमत करताहेत. मग त्यानं आईकडे बघितलं आणि हसायचा थांबला.

“आजी?” नात म्हणाली.

आक्कानं सूप खाली ठेवलं. आणि मी उभ्या आयुष्यात पहिल्यांदा तिला परवचा मोठ्यानं म्हणताना ऐकलं. “सहा पाऊण साडेचार. साडेचार आरे. पाऊण पाय.”

“तीन पाय छेद चार! बरोबर!” नात ओरडली. गाय पुन्हा उठली. तिला आता सवय व्हायला हवी होती.

थोड्या वेळानं सगळे झोपायला गेल्यावर आक्का म्हणाली, “इतकी वर्सं काऊन नाही सांगितलं रे?”

“तू तरी तेव्हा का नाही सांगितलंस? सांगितलं असतंस, तर कदाचित तुला पुढे शिकवलं असतं.”

तिनं जरा विचार केला. “तुले मार बसला असता ना,” ती म्हणाली आणि दिवा मालवायला उठली.

नातीचं गणित राहिलं. मी पुण्याला परत आलो आणि कुटुंबातल्या गणिताच्या जागेचा रीतसर राजीनामा सगळ्या नातेवाइकांना फोन करून कळवला. ती जागा आक्काला दिली आहे. १९५८ पासून, पूर्वलक्षी प्रभावानं. आता एवढ्या वर्षांची थकबाकी किती होते ते काढायला मी बसलो आहे. बँकेतला माणूस, थकबाकी काढणं हे एक काम मला खरोखर येतं. पण हा आकडा काही केल्या पूर्ण होत नाही. पायसारखाच आहे, कितीही घरं लिहिली तरी पुढे उरतोच.